डबा एमपी४चा, आत भाजी कुठली?

लग्नाचा व्हिडिओ स्वतःच एडिट करायचं ठरवलंय? मग ‘फाइल इम्पोर्ट होत नाही’ या टेन्शनची तयारी ठेवा. आणि डिलीटचं बटण दाबायच्या आधी हे वाचाच!

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून सुटलात, डहाणू लोकलमध्ये कशीबशी विंडो सीट पटकावलीत (अभिनंदन!), घरी येऊन लॅपटॉप उघडलात. मित्राच्या लग्नाचा व्हिडिओ ‘आपणच करू रे, त्यात काय’ असं चारचौघांत बोलून बसलायत. क्लिप्स एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या आणि काहींचा नुसता आवाज, चित्र काळं. काही तर आत यायलाच तयार नाहीत. गंमत म्हणजे त्याच क्लिप्स फोनवर मस्त चालतायत!

बोईसरच्या एमआयडीसीला लागून असलेल्या पाम गावात एका मैत्रिणीच्या घरी मी हाच प्रकार पाहिला. तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. हळदीच्या रात्री मांडवात पडद्यावर दाखवायला दहा मिनिटांची फिल्म करायची होती. हाताशी काय, तर भावंडांचे तीन फोन, एक कॅमेरा आणि काकाच्या २००२ सालच्या लग्नाची व्हीसीडी. त्या व्हीसीडीत तिची आजी ओटीवर बसून हळदीची गाणी म्हणते. आजी आता नाही आणि तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. एका दुकानदाराने डिस्क लावून बघितली आणि ‘करप्ट आहे, टाकून द्या’ म्हणून मोकळा झाला.

करप्टबिरप्ट काही नव्हती. सॉफ्टवेअरला ती वाचता येत नव्हती, एवढंच. या दोन गोष्टींतला फरक न कळल्यामुळे किती घरांतल्या आठवणी कचऱ्यात गेल्या असतील, देव जाणे.

बेसिक फंडा असा. एमपी४, एमओव्ही, एव्हीआय हे नुसते डबे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, ती पद्धत म्हणजे कोडेक. कोडर आणि डिकोडर मिळून झालेला शब्द. एकाच एमपी४च्या डब्यात २००३ मध्ये आलेला एच.२६४ असू शकतो किंवा २०१३चा एच.२६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात. म्हणून फाइलचं नाव एमओव्हीचं एमपी४ करून काही होत नाही. लेबल बदललं म्हणून भेंडीची बटाट्याची भाजी होते का?

मग बघायचं कसं? व्हीएलसी प्लेअरमध्ये क्लिप लावा, ‘टूल्स’ मेन्यूत ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडा. आतली भाजी तिथे लिहिलेली असते. व्हीएलसीत क्लिप नीट चालत असेल तर फाइल बहुतेक ठणठणीत आहे, असं समजा.

मैत्रिणीच्या बहिणीचा आयफोन. त्यात २०१७च्या आयओएस ११पासून एचईव्हीसी आला. १०८०पी, ३० फ्रेम्सचा एक मिनिट त्यात साधारण ६० एमबीत मावतो, एच.२६४ला १३० लागतात. जागा वाचते, पण एचईव्हीसीवर पेटंटची रॉयल्टी आहे, त्यामुळे विंडोजमध्ये त्याचं एक्स्टेन्शन मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून वेगळं घ्यावं लागू शकतं. पुढच्या लग्नासाठी सोपा उपाय आहे: सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’. झालं. ‘कोडेक पॅक’ नावाखाली कुठलंही बाड उतरवून घेऊ नका. बरीचशी एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःचेच डिकोडर वापरतात, त्यामुळे पॅकचा उपयोग शून्य आणि व्हायरसची शक्यता भरपूर.

शूट होऊन गेलेल्या क्लिप्सचं काय? त्या कन्व्हर्ट करायच्या. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर, दोन्ही फुकट. हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडायला विसरू नका. फोन कमीजास्त उजेडाप्रमाणे आणि गरम झाला की सेकंदाला कधी ३०, कधी २७ फ्रेम्स टिपतो. एडिटिंगमध्ये मग नवरदेवाचे ओठ आधी हलतात आणि उखाणा मागून येतो! मशीन अडखळत असेल तर शटर एन्कोडरमधून प्रोरेस करा. तिथे प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे काटछाट लोण्यासारखी होते. मात्र फाइल अवाढव्य होते. १०८०पीचा एक तास प्रोरेस ४२२मध्ये सुमारे ५५ जीबी खातो. म्हणून लागतील तेवढेच तुकडे कन्व्हर्ट करा आणि मूळ क्लिप्स, कृपा करून, जागच्या जागी ठेवा. नातेवाइकांकडून मागवताना व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर क्लिप वाटेतच आणखी दाबली जाते.

आता आजीची व्हीसीडी. पहिली अडचण कोडेकची नव्हतीच. घरातल्या एकाही लॅपटॉपला डिस्क ड्राइव्ह नाही! शेजाऱ्यांचा माळ्यावरचा जुना डेस्कटॉप खाली काढला, धूळ झटकली. डिस्कवरच्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमध्ये डीएटी नावाची फाइल असते. आत एमपीईजी-१ व्हिडिओ, ३५२ बाय २८८ पिक्सेल, पण डीएटी हा डबाच एडिटिंग सॉफ्टवेअर ओळखत नाही. (या एका केसमध्ये नाव बदलून एमपीजी केलं तर कधीकधी चालून जातं. वर मी भाजीचं उदाहरण दिलं खरं, पण इथे आतली भाजी ओळखीचीच असते.) मैत्रिणीने रिस्क घेतली नाही. आधी फाइल हार्ड डिस्कवर उतरवली, तिची दुसरी कॉपी पेन ड्राइव्हवर ठेवली, मग शटर एन्कोडरमधून प्रोरेस. ओरखड्यांमुळे कॉपी दोनदा अडकली. मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्यावर तिसऱ्यांदा पूर्ण झाली.

टाइमलाइनवर आजी दिसली तेव्हा चित्र पुसट होतं. आवाज मात्र स्वच्छ. काका ओटीवरून उठून आत आले आणि म्हणाले, ‘परत लाव.’ त्या दिवशी एडिटिंग तिथेच थांबलं.

फिल्म तयार झाली की शेवटचा एक्स्पोर्ट एच.२६४, आवाज एएसी, डबा एमपी४ ठेवा. मांडवातल्या स्क्रीनवाल्याचा लॅपटॉप कितीही जुना असला तरी हे बहुधा चालतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. दहा मिनिटांच्या फिल्मला प्रश्न येणार नाही, अख्ख्या लग्नाला येईल. आणि स्क्रीनवाल्याला आदल्या दिवशी फोन करून त्याच्याच मशीनवर एकदा लावून बघा. हळदीच्या रात्री डीजे सुरू झाल्यावर तो तुमचं काहीही ऐकणार नाही.