पंचकर्माचे ऋतुमान आणि मालवण किनाऱ्याचा पर्यटन हंगाम

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली घोषित झाला. मालवण, तारकर्ली, देवबाग या किनारपट्टीवर येणारा पर्यटक प्रामुख्याने ऑक्टोबर ते मे या काळात येतो आणि बहुधा दोन-तीन दिवसच थांबतो. पर्यटनस्थळांच्या जाहिरातींत ‘पंचकर्म’ हा शब्द आज सर्रास आढळतो. मात्र शास्त्रोक्त पंचकर्माला लागणारे दिवस आणि त्याचा योग्य काळ या हंगामाशी जुळत नाहीत. ही विसंगती समजून घेण्यासाठी मुळात पंचकर्म म्हणजे काय, हे पाहणे आवश्यक ठरते.

वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मे आज सर्वसाधारणपणे पंचकर्म म्हणून ओळखली जातात. चरकाने निरूह व अनुवासन हे बस्तीचे दोन प्रकार स्वतंत्र मोजले. रक्तमोक्षणाला महत्त्व मिळाले ते सुश्रुताच्या शल्यपरंपरेत. अंगाला तेल चोळणे व वाफ देणे या क्रिया या पाचांत येतच नाहीत. स्नेहन व स्वेदन ही पूर्वकर्मे होत, म्हणजे शोधनापूर्वीची तयारी. दोन दिवसांच्या मुक्कामात जे मिळते ते बहुतेक वेळा एवढेच असते. त्याने थकवा जातो, झोप चांगली लागते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याला शोधन म्हणणे चुकीचे आहे.

विरेचनाचा हिशोब मांडला म्हणजे हे स्पष्ट होते. प्रारंभी तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेने औषधी तूप प्यावयाचे असते. त्यानंतर सुमारे तीन दिवस अभ्यंग व स्वेदन, मग एक दिवस प्रत्यक्ष विरेचन आणि शेवटी, शुद्धी किती झाली यानुसार, तीन ते सात दिवसांचा संसर्जन क्रम. म्हणजे कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त अठरा दिवस. बस्तीचा सर्वांत लहान क्रम, योगबस्ती, हाही आठ बस्तींचा आहे.

संसर्जन क्रमाकडे बाहेरगावच्या रुग्णाचे सर्वाधिक दुर्लक्ष होते. शोधनानंतर अग्नी मंद झालेला असतो, म्हणून पेया, विलेपी, यूष अशा चढत्या क्रमाने आहार पूर्ववत आणावयाचा असतो. हे पथ्य कोकणाला परके नाही. उकड्या तांदळाची पेज येथे रोजच्या जेवणातलीच आहे. पातळ पेज, मग दाट पेज, मग मऊ भात, हा क्रम मालवणी घरात वेगळा शिकवावा लागत नाही. अडचण येते ती सुट्टीवर आलेल्या पाहुण्याची; तो मासळीच्या ताटासाठीच मालवणला आलेला असतो.

आता काळाचा विचार. वाग्भटाने शोधनासाठी श्रावण, कार्तिक आणि चैत्र हे महिने सांगितले आहेत. ग्रीष्मात साचलेला वात श्रावणात, वर्षाऋतूत साचलेले पित्त कार्तिकात आणि हिवाळ्यात साचलेला कफ चैत्रात काढावा, अशी ही योजना आहे. कार्तिक व चैत्र पर्यटन हंगामात मोडतात. श्रावण मात्र नाही. वातावरील प्रमुख उपचार बस्ती, आणि त्याचा काळ नेमका सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणारी प्रवासी होडी बंद असण्याच्या सुमारास येतो. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारीही थांबलेली असते. श्रावणात अनेक घरांत मत्स्याहार वर्ज्य असतो, त्यामुळे पथ्य पाळणे सोपे जाते. केरळात कर्किटकम महिन्यातील, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्टमधील, पावसाळी चिकित्सेची परंपरा याच ऋतुविचारावर उभी आहे. किनारपट्टीचा प्रदेश शास्त्रदृष्ट्या आनूप, म्हणजे जलबहुल व कफवातप्रधान. तेव्हा येथील व्यवसायाने केरळकडून तेलधारेच्या छायाचित्रांऐवजी पंचांग उचलले असते तर अधिक बरे झाले असते.

‘शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर काढणे’ हे पंचकर्माचे प्रचलित वर्णनही तपासून घ्यावयास हवे. वात, पित्त, कफ हे दोष म्हणजे विषे नव्हेत. समस्थितीत तेच शरीर धारण करतात. शोधन होते ते वाढलेल्या, स्थानभ्रष्ट झालेल्या दोषांचे. या संकल्पनेचे रासायनिक विषाशी समीकरण मांडणे हे ना आयुर्वेदाशी प्रामाणिक आहे, ना आधुनिक विज्ञानाशी. पंचकर्माच्या परिणामांविषयी मोठ्या, नियंत्रित चाचण्या अद्याप थोड्याच आहेत, हेही लक्षात घ्यावे लागते.

प्रश्न सुरक्षिततेचाही आहे. गर्भिणी, बालक, वृद्ध, अतिकृश आणि हृद्रोगी यांना वमन देऊ नये, असे चरकसंहितेतच सांगितले आहे. वमन-विरेचनाने शरीरातील पाणी व क्षार घटतात. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे घेणाऱ्या व्यक्तीत हा धोका वाढतो. म्हणून उपचारापूर्वी नाडी, रक्तदाब व चालू औषधे यांची नोंद नोंदणीकृत वैद्याने घेणे अपरिहार्य आहे. आयुर्वेद शिक्षणात पंचकर्म हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय आहे आणि याच जिल्ह्यात सावंतवाडी येथे भाईसाहेब सावंत आयुर्वेद महाविद्यालय आहे. किनाऱ्यावरील निवासव्यवस्थेने अभ्यंग-स्वेदन त्याच नावाने द्यावे आणि शोधनाचा रुग्ण वैद्याकडे पाठवावा, ही विभागणी अवघड नाही. पावसाळ्यात रिकाम्या राहणाऱ्या खोल्यांत पंधरा-वीस दिवस राहणारा, पेजेवर समाधान मानणारा रुग्ण त्यातूनच येऊ शकेल.