संशोधनाची सामाईक वही

शास्त्रज्ञास नवा प्रयोग करावयाचा असला तर प्रथम द्रव्य लागतें. तें सरकार, विद्यापीठें किंवा मोठे कारखानदार देतात; आणि कोणत्या प्रश्नाचा शोध व्हावा हेंही बहुधा तेच ठरवितात. ही सत्ता अनेकांच्या हातीं देण्याचा एक प्रयत्न अलीकडे सुरू झाला आहे.

त्याचें साधन ‘ब्लॉकचेन’ होय. ही जमाखर्चाची वहीच समजावी. मात्र ती एका मुनिमापाशीं नसून तिच्या प्रती जगांतील हजारों संगणकांवर असतात. एका प्रतींत कोणी खाडाखोड केली, तर ती इतरांशीं जुळत नाहीं व लबाडी उघड होते. बिटकॉइन या चलनाची अशी वही २००९ सालीं सुरू झाली.

२०२१ सालीं इथेरियम नांवाच्या अशाच वहीच्या आधारें ‘व्हिटाडाओ’ हा संघ निघाला. वार्धक्याच्या कारणांचा शोध करणाऱ्यांस तो साह्य देतो. सभासद ‘टोकन’ घेतात आणि आलेल्या योजनांवर मत देतात. त्याच वर्षीं कोपनहेगन विद्यापीठांतील एका प्रयोगशाळेच्या कामास या संघानें मदत केली.

तथापि येथें एक गोम आहे. ज्याचीं टोकनें अधिक, त्याच्या मताचें वजन अधिक. म्हणजे धनवानाचा शब्द पुन्हां वरचढ! शिवाय वही पैशाचा हिशेब चोख ठेवील. पण प्रयोग खरा कीं खोटा, हें ती सांगूं शकत नाहीं. तें बहुमतानेंही ठरत नाहीं. प्रयोग पुन्हां करून पाहूनच ठरतें.

म्हणून, विद्यार्थीमित्रहो, आम्ही इतकेंच सांगतों: प्रयोगशाळेंत हातीं आलेला आंकडा, पुस्तकाशीं जुळो वा न जुळो, आपल्या वहींत जसाच्या तसा लिहा. खऱ्या संशोधनाचा आरंभ तेथेंच होतो.