सावित्रीच्या मुखाकडून उगमाकडे

कोकणातल्या आपल्या घरांमध्ये नवरा-बायकोने, दोघांनीच, केवळ फिरायला म्हणून बाहेर पडण्याची रीत फारशी नाही. आपण लग्नाला जातो, मय्यतीला जातो, मुंबईला डॉक्टरकडे जातो. अल्लाहने तौफीक दिली तर हज-उमऱ्याला जातो. बरोबर मुले असतात, सासू-सासरे असतात. ज्यांची माणसे आखातात आहेत, त्यांच्याकडे तर रजेचे दोन महिने पाहुण्यांच्या उठबशीतच संपतात.

माझाच हिशेब सांगते. निकाह १९९५ चा. १९९६ मध्ये हे सौदीला गेले आणि २०२३ मध्ये कायमचे परतले. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा, अशा तेरा रजा. म्हणजे सत्तावीस वर्षांत सव्वीस महिने आम्ही एका छताखाली होतो. मुलांची शिक्षणे झाली, पुण्यात फ्लॅट झाला, अल्हम्दुलिल्लाह. पण परतलेल्या माणसाला चहात साखर किती लागते, हे मला विचारावे लागले. त्यातच घरात एक वाद येऊन बसला. यांना मंडणगड तालुक्यातले आपले बंद घर उघडून तिथेच राहायचे होते. मला पुणे सोडायचे नव्हते. माझा शिवणवर्ग तिथे आहे, अठरा वर्षांचा.

मुलगी म्हणाली, "अम्मी, आधी दोघे जाऊन तर या. आणि वाटेत कुणा नातेवाइकाकडे उतरू नका." तेव्हा गेल्या ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही गाडी काढली.

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव साधारण शंभर किलोमीटर. पावसाळ्यात या घाटात धबधब्यांसाठी गर्दी उसळते. ऑक्टोबरमध्ये गर्दी ओसरलेली असते, धबधबे बारीक झालेले असतात, आणि मुळशीचे धरण मात्र काठोकाठ दिसते. कड्यांवर सोनकीची पिवळी फुले शेवटच्या बहरात होती. यांना सौदीत उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय. वळणावर गाडी जरा उजवीकडे झुकली की मी खाकरायचे. पहिला तासभर आमचा संवाद एवढाच.

घाट उतरलो आणि भातशेते लागली. हळवे भात कापणीला आले होते, गरवे अजून हिरवट-पिवळे. यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि बांधावर नुसते उभे राहिले. मग माझ्या ध्यानात आले, यांची रजा नेहमी मे महिन्यात असायची, मुलांच्या सुट्ट्या आणि लग्नसराई पाहून. सत्तावीस ऑक्टोबर यांनी पाहिलेच नव्हते! माणगाव ते म्हसळा या टप्प्यात आम्ही पाच वेळा थांबलो.

पहिला मुक्काम श्रीवर्धनला. इथली रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे लागतात. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या वाडीत वादळानंतर लावलेली रोपे माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. ते म्हातारे मालक रोज सकाळी एकेका रोपाला हात लावून येत. हे त्यांच्या मागोमाग हिंडले, आणि नाश्त्याच्या वेळी मला म्हणाले, "पुण्यात मी पाहुणा आहे. लिफ्टमध्ये लोक तुला ओळखतात, मला नाही." हे वाक्य त्यांना फ्लॅटमध्ये का सुचले नसेल, याचा मी बराच वेळ विचार केला.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोट. गाडीसकट बोटीवर चढायचे आणि सावित्री नदीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला उतरायचे. पंधरा-एक मिनिटांत रायगड जिल्हा सुटून रत्नागिरी लागतो. उजव्या हाताला खाडीचे तोंड आणि बाणकोटचा किल्ला. आम्ही शाफई, सफरीत जोहर-असर एकत्र पढायची सवलत आम्हाला आहे. पण पढायचे कुठे? वाटेतल्या एका मशिदीत हे आत गेले. बायकांसाठी जागा नव्हती, वुजूची सोयही नव्हती. मी गाडीत ठेवलेल्या बाटलीच्या पाण्याने वुजू करून जेटीजवळच्या झाडाखाली चटई अंथरली. हमरस्त्यावरच्या मशिदींनी एक खोली आणि एक नळ बायकांसाठी ठेवला, तर कितीतरी कुटुंबांची नमाज चुकणार नाही.

आमच्या गावी दोन रात्री राहिलो. आमच्या गल्लीत अकरा घरे, त्यातली सात कुलूपबंद. आमचे दार पावसाने फुगले होते, माजघराच्या एका वाशाला वाळवी लागली होती. विहिरीचे पाणी मात्र स्वच्छ. शेजारच्या खाला तांदळाच्या भाकऱ्या आणि तिसऱ्यांचे कालवण घेऊन आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही आलात तर रात्री माझ्या घरात दिवा लागला की नाही, हे बघायला कुणीतरी असेल." हे सकाळी शेजाऱ्यांच्या शेतात विळा घेऊन उतरले, अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसले. पोरे हसली, हेही हसले.

मीही माझे म्हणणे मांडले. यांना साखरेचा त्रास आहे. गावाजवळ साधा दवाखाना आहे, पण दुखणे वाढले तर महाड नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते. रात्री दोन वाजता गाडी कोण चालवणार? यावर यांच्याकडे उत्तर नव्हते, आणि उत्तर नसल्याचे त्यांनी कबूल केले, याचे मला बरे वाटले.

परतीला मुद्दाम वेगळी वाट धरली: मंडणगड, महाड, पोलादपूर आणि आंबेनळी घाटाने महाबळेश्वर. ज्या सावित्रीची खाडी आपण बोटीने ओलांडतो, ती उगम पावते महाबळेश्वरला. घाट चढताना तिचे खोरे बराच वेळ सोबत असते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत हा रस्ता ठिकठिकाणी वाहून गेला होता. म्हणून पावसाळा सरल्यावरच आणि दिवसाउजेडीच इथून जावे. ऑक्टोबरमध्येसुद्धा दुपारनंतर धुके उतरू शकते. निघण्याआधी पोलादपूरला रस्ता चालू असल्याची चौकशी करावी, आणि बायकांनी स्वच्छतागृहही तिथेच गाठावे.

याच घाटात यांनी पहिल्यांदा १९९६ सालाबद्दल सांगितले. एका खोलीत आठ माणसे. फोन महाग, म्हणून मी पाठवलेली कॅसेट हे रात्री उशाशी लावून ऐकायचे. तिच्यात मागे पावसाचा आवाज होता. मला ती कॅसेट आठवत होती, पाऊस आठवत नव्हता.

महाबळेश्वर, पाचगणी भराभर मागे टाकले. तिथली गर्दी आम्हा दोघांनाही नको होती. पसरणी घाटातून वाईचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी दिसते, तिथे मात्र थांबून चहा घेतला. यांच्यासाठी बिनसाखरेचा. वर्षातून गावाला राहायचे एवढे ठरले. हे सहा महिने म्हणतात, मी तीन. शिवणवर्गातली एक मुलगी माझ्या माघारी वर्ग सांभाळायला तयार आहे. महाडच्या डॉक्टरांशी बोलून घ्यायचे काम यांच्याकडे. गावच्या सुताराला वाशासाठी विसार दिला आहे, आणि कौले शाकारायला माणूस मे महिन्यात येणार आहे, इन्शाअल्लाह.