उंदराच्या केसातली शिडी

केस हा मृत पदार्थ आहे. जिवंत असते ते त्याचे मूळ. एवढे ध्यानात ठेवले, की पुढचा प्रश्न नीट मांडता येतो.

सूक्ष्मदर्शकाखाली उंदराचा केस पाहताना मला बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात. त्यांच्या आत केरॅटिनचा थर आणि मधोमध शिडीसारखा गाभा. शिडीच्या पायऱ्या रंगद्रव्याच्या, मधल्या पोकळ्या हवेच्या.

ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ इयान बेकर यांचे काम अवरक्त किरण टिपणाऱ्या कॅमेऱ्यांशी संबंधित. २०२१ साली त्यांनी दाखवले, की उंदराच्या लांब, राठ केसांतल्या पट्ट्यांमधले अंतर १० मायक्रॉनच्या आसपास असते. ३७ अंश सेल्सिअसचे शरीर सर्वाधिक उष्णता फेकते तीही साधारण ९.३ मायक्रॉन तरंगलांबीला. मग दबा धरून बसलेल्या मांजराची ऊब उंदराला केसांतून कळत असेल का?

कल्पना मोहक आहे. पण मी तिला अजून अनुमानच म्हणेन. हवेच्या पोकळ्या अंगातली ऊब राखायलाही उपयोगी पडतात. उंदराच्या मिशीचे तसे नाही. मोठ्या मिशांपैकी प्रत्येकीसाठी मेंदूत पेशींचा स्वतंत्र पुंजका असतो, हे वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी १९७० सालीच दाखवले. म्हणून मिशी हे ज्ञानेंद्रिय, हे आपण ठामपणे म्हणतो. राठ केसालाही तो मान मिळेल. पण त्यासाठी दुरून ऊब लागताच त्याच्या मुळाशी मज्जातंतू जागा होतो, हे मोजून दाखवायला हवे. रचना प्रश्न सुचवते. उत्तर मुळाशीच शोधावे लागते.