सरहद्दीपलीकडचा आरोपी

पोलिसांचा अधिकार देशाच्या हद्दीवर संपतो. मुंबईतल्या खटल्याचा आरोपी लिस्बनमध्ये राहत असला, तर मुंबईचे पोलीस तिथे जाऊन त्याला बेड्या घालू शकत नाहीत. त्याच्या घराची झडती घेता येत नाही, शेजाऱ्याचा जबाब नोंदवता येत नाही, बँकेला खाते गोठवायलाही सांगता येत नाही. ते सारे त्या देशाच्या यंत्रणेने करायचे असते, आणि तिच्याकडे ते रीतसर मागावे लागते. माणूस परत मागणे म्हणजे प्रत्यार्पण. साक्ष, कागदपत्रे किंवा पैशाचा माग मागणे म्हणजे परस्पर कायदेशीर साहाय्य. याखेरीज पोलिसांनी पोलिसांना माहिती देण्याचा वेगळा मार्ग आहे, तो इंटरपोलचा.

या व्यवहाराच्या इतिहासातला एक महत्त्वाचा निवाडा मराठी माणसाशी निगडित आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. त्या वधात हात असल्याच्या व इतर आरोपांवरून 13 मार्च 1910 रोजी विनायक दामोदर सावरकर यांना लंडनमध्ये अटक झाली आणि खटल्यासाठी त्यांना ‘मोरिया’ जहाजातून हिंदुस्थानात पाठवण्यात आले. 8 जुलैला, जहाज मार्सेलिसच्या बंदरात असताना, सावरकरांनी समुद्रात उडी घेऊन किनारा गाठला. ते फ्रान्सच्या भूमीवर होते. पण एका फ्रेंच शिपायाने, हा जहाजावर गुन्हा करून पळालेला खलाशी असावा अशा समजुतीने, त्यांना पकडून पुन्हा जहाजावर पोचवले. विनंती नाही, न्यायालय नाही, आदेश नाही. काही मिनिटांत माणूस एका देशाच्या हातातून दुसऱ्याच्या हाती गेला.

फ्रान्सने सावरकर परत मागितले. वाद हेगच्या लवादापुढे गेला. बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेर्नार्ट अध्यक्ष असलेल्या 5 जणांच्या लवादाने 24 फेब्रुवारी 1911 रोजी निकाल दिला. सावरकरांना ताब्यात देताना नियमभंग झाला, हे लवादाने मान्य केले. मात्र तेवढ्यावरून ब्रिटनने कैदी परत करावा असा कोणताही आंतरराष्ट्रीय नियम नाही, असे ठरवले. तोवर मुंबईच्या विशेष न्यायालयाने दोन जन्मठेपा, म्हणजे 50 वर्षांचे काळे पाणी, सुनावलेही होते. चुकीच्या मार्गाने आलेला माणूस चुकीमुळे परत जात नाही, हा त्या निकालाचा अर्थ आजही आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्गात शिकवला जातो. तो न्याय्य होता असे म्हणणे कठीण आहे. आश्रयाचा हक्क एका शिपायाच्या गैरसमजाने निकालात निघावा, ही गोष्ट त्या काळातल्या अनेक कायदेपंडितांनाही खटकली होती.

स्वतंत्र भारतात हा विषय 1962च्या प्रत्यार्पण कायद्याने बांधला आहे. चाळीसहून अधिक देशांशी करार आहेत. विनंती परराष्ट्र मंत्रालयामार्फत जाते आणि समोरच्या देशाचे न्यायालय काही ठरावीक गोष्टी तपासते. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे. तो राजकीय स्वरूपाचा नसावा. आणि ज्या गुन्ह्यासाठी माणूस दिला, त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालला पाहिजे. आपल्या कायद्याच्या कलम 21 मध्ये हे बंधन स्पष्ट लिहिले आहे. सर्वांत जड ठरते ती शेवटची अट. अबू सालेमच्या प्रकरणाने ती सामान्य वाचकापर्यंत पोचवली.

1993च्या मुंबई बॉम्बस्फोटांत 257 माणसे मेली. त्या खटल्यातला आरोपी सालेम सप्टेंबर 2002 मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालशी तेव्हा भारताचा प्रत्यार्पण करार नव्हता, आणि त्या देशात फाशीही नाही, जन्मठेपही नाही. तेव्हा तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी 17 डिसेंबर 2002 रोजी लेखी हमी दिली, की त्याला फाशी होणार नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैदही होणार नाही. तीन वर्षे तिथल्या न्यायालयांत वाद चालला आणि नोव्हेंबर 2005 मध्ये सालेम मुंबईत आला. इथे त्याच्यावर काही वाढीव कलमे लागली. पोर्तुगालच्या न्यायालयाने त्याला आक्षेप घेऊन भारताने अट मोडल्याचे म्हटले, तेव्हा 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ती कलमे मागे घेतली गेली.

2017 मध्ये विशेष टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मग हमीचे काय? 11 जुलै 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले. न्यायालये सरकारच्या हमीने बांधलेली नाहीत, त्यांना कायद्याप्रमाणे शिक्षा देता येते. पण सरकार स्वतःच्या शब्दाला बांधील आहे. 12 ऑक्टोबर 2005 पासून 25 वर्षे मोजायची, आणि ती पुरी झाल्यावर सरकारने सुटकेची कार्यवाही करायची. ज्यांच्या घरची माणसे त्या स्फोटांत गेली, त्यांना हे पचवणे सोपे नाही. तरीही हा निकाल योग्यच होता. भारताची हमी भारतातच टिकत नाही असे एकदा दिसले, की पुढचा आरोपी कोणताही देश देणार नाही.

विनंती फसते, तेव्हाही कारण बहुधा घरातच असते. 1997 मध्ये संगीत उद्योजक गुलशन कुमार यांचा मुंबईत खून झाला. त्या प्रकरणात लंडनमधल्या एका संगीतकाराला मागणारी भारताची विनंती ब्रिटिश न्यायालयाने 2000 मध्ये फेटाळली. पुरावा विश्वासार्ह वाटला नाही. तुरुंगांची स्थिती हा दुसरा अडथळा. विजय मल्ल्या प्रकरणात लंडनच्या न्यायाधीशांनी 2018 मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या 12 क्रमांकाच्या बराकीचे चित्रीकरण मागवले. उजेड कुठून येतो, हे त्यांना पाहायचे होते. नीरव मोदीच्या सुनावणीतही याच बराकीवर खल झाला. मुंबईतल्या एका कोठडीची खिडकी लंडनच्या खटल्यात पुरावा ठरते, ही गोष्ट तुरुंग खात्याने गांभीर्याने घेण्यासारखी आहे. आणि अशी खिडकी फक्त बड्या आरोपींच्या बराकीला असून भागणार नाही.

साक्षीपुराव्याची वाट निराळी आहे. मुंबईतल्या एका शस्त्रक्रियेच्या प्रकरणात न्यूयॉर्कच्या कर्करोगतज्ज्ञाची साक्ष हवी होती. ते बोलायला तयार होते, भारतात यायला नव्हते. एप्रिल 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की पडद्यावर समोरासमोर घेतलेली साक्षही साक्षच आहे. याच पायावर फेब्रुवारी 2016 मध्ये डेव्हिड हेडलीने माफीचा साक्षीदार म्हणून अमेरिकेतून मुंबईच्या न्यायालयापुढे 26 नोव्हेंबर 2008च्या मुंबईवरील हल्ल्याच्या तयारीची हकीकत सांगितली. अमेरिकेशी केलेल्या तडजोडीमुळे हेडली स्वतः भारताला मिळणार नव्हता, साक्ष मिळाली. त्याचा साथीदार म्हणून भारताला हवा असलेला तहव्वूर राणा मात्र अमेरिकी न्यायालयांच्या सर्व पायऱ्या संपल्यावर 10 एप्रिल 2025 रोजी दिल्लीत आणला गेला.

अशा साहाय्याची रीत अशी. तपास अधिकाऱ्याच्या अर्जावरून भारतीय न्यायालय परदेशी न्यायालयाच्या नावे विनंतीपत्र काढते. वकिलांच्या बोलण्यात हे ‘लेटर रोगेटरी’. 1 जुलै 2024 पासून त्याचा आधार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 112 आहे. पत्र केंद्रीय गृह मंत्रालयातून त्या देशाकडे जाते. गुन्ह्याची हकीकत, कलमे आणि मागितलेल्या कागदाचा गुन्ह्याशी संबंध त्यात नेमका मांडावा लागतो, गरजेप्रमाणे त्या देशाच्या भाषेत भाषांतरही जोडावे लागते. मोघम पत्र शंका विचारत परत येते, आणि त्यात महिने जातात.

इंटरपोलविषयी सिनेमांनी बराच गैरसमज केला आहे. फ्रान्समधल्या लियों इथे मुख्यालय असलेली ही 196 देशांची संस्था कोणाला अटक करत नाही. तिची रेड नोटीस म्हणजे या माणसाचा ठावठिकाणा लावून त्याला तात्पुरते अडवा, असे सदस्यदेशांना केलेले आवाहन. ते किती मानायचे, हे प्रत्येक देश ठरवतो. भारतात हे काम सीबीआयकडे आहे. राज्यांच्या पोलिसांना सीबीआयशी थेट जोडणारे ‘भारतपोल’ संकेतस्थळ जानेवारी 2025 मध्ये सुरू झाले.

हा सारा विषय बड्या आरोपींचा वाटतो, पण आता तो गावात आला आहे. वाशीम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारच्या एखाद्या शेतकऱ्याचे उदाहरण घेऊ. सोयाबीन विकून खात्यात आलेली रक्कम शेअर गुंतवणुकीच्या आमिषाने किंवा पोलीस असल्याचे भासवून फोनवर केलेल्या ‘डिजिटल अटके’च्या धाकाने गेली, तर ती काही तासांत भाड्याने घेतलेल्या अनेक खात्यांतून फिरते आणि बऱ्याचदा आभासी चलनाच्या रूपाने देशाबाहेर पडते. फोन करणारा कंबोडियात किंवा म्यानमारमध्ये बसलेला असू शकतो. तोही कधी कधी नोकरीच्या आशेने जाऊन कोंडला गेलेला भारतीय तरुण असतो; मार्च 2025 मध्ये म्यानमार-थायलंड सीमेवरच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या 500 हून अधिक भारतीयांना विमानाने परत आणावे लागले.

अशा वेळी पहिला तास सर्वांत मोलाचा. 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार झाली, तर पैसा देशातल्या खात्यांत असतानाच अडवता येतो. हद्द ओलांडल्यावर वर सांगितलेला कागदी प्रवास सुरू होतो. संदेशसेवा देणाऱ्या बहुतेक कंपन्या अमेरिकी असल्याने संभाषणाचा मजकूर हवा असेल, तर 2001 मध्ये झालेल्या आणि 2005 पासून लागू असलेल्या भारत-अमेरिका साहाय्य कराराने जावे लागते. पत्र पोचेपर्यंत नोंदी पुसल्या जाऊ नयेत म्हणून त्या जपून ठेवण्याची मागणी आधी करावी लागते. जिल्ह्याच्या तपास अधिकाऱ्याने ती पहिल्या दिवशी केली नाही, तर पुढचा सर्व पत्रव्यवहार वाया जातो. म्हणून तालुका पातळीवरच्या पोलिसांना हे प्रशिक्षण मिळणे, मुंबई-पुण्याला मिळण्याइतकेच निकडीचे आहे.

डिसेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार मंजूर केला. प्रत्येक सदस्यदेशाने चोवीस तास उघडे राहणारे संपर्क केंद्र ठेवावे आणि डिजिटल पुरावा तातडीने जपून ठेवण्याची सोय करावी, हे त्यातले मुख्य कलम. मानवाधिकार संघटनांनी त्यावर हरकत घेतली आहे; हाच मार्ग वापरून सरकारे टीकाकारांची माहिती परदेशांतून मागवतील, ही त्यांची भीती निराधार नाही. 40 देशांची मान्यता मिळाल्यावर 90 दिवसांनी तो लागू होईल.