५०४ विरुद्ध ३५ : वेस्ट पॉइंटचा १९४४ चा हंगाम

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे किंवा साथीदाराकडे फेकायचा. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा गुण, आणि मग खांबांमधून लाथेने पार केला की आणखी एक. एवढे ठाऊक असले तरी पुढचे आकडे कळायला पुरेसे आहे.

वेस्ट पॉइंट ही अमेरिकी भूदलाची अकादमी. १९४४ च्या हंगामात तिच्या कॅडेटांचा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. संघाने केलेले गुण ५०४, प्रतिस्पर्ध्यांनी केलेले सगळे मिळून ३५. व्हिलानोव्हाला ८३-०, कोस्ट गार्ड अकादमीला ७६-०, पिट्सबर्गला ६९-७. एकाही संघाला त्यांच्याविरुद्ध सातपेक्षा जास्त गुण मिळाले नाहीत.

त्याआधीची वर्षे मात्र अशी नव्हती. १९३९ ते १९४३ अशी सलग पाच वर्षे नौदल अकादमीने, म्हणजे नेव्हीने, वेस्ट पॉइंटला हरवले होते. नोत्र दामविरुद्ध तर त्याच पाच वर्षांत त्यांना एक गुणही करता आला नव्हता. १९४१ मध्ये अर्ल ब्लेक प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः १९२० सालचे वेस्ट पॉइंटचे पदवीधर. त्याच वर्षी खेळाडू बदलण्याचे नियम सैल झाले होते, कारण युद्धाच्या छायेत महाविद्यालयांना माणसे कमी पडू लागली होती. ब्लेक यांनी १९४४ मध्ये याचा पुरेपूर उपयोग केला : दोन पूर्ण संघ तयार ठेवले आणि ते आलटून पालटून मैदानात उतरवले. समोरचे अकरा जण दमत आलेले असताना त्यांच्यापुढे ताज्या दमाचे अकरा उभे राहत.

या संघातली दोन नावे अमेरिकेत आजही घेतली जातात. डॉक ब्लँचर्ड हा ९० किलोंहून अधिक वजनाचा गडी मधल्या फळीला धडक देऊन वाट काढी. त्याला ‘मिस्टर इनसाइड’ म्हणत. ग्लेन डेव्हिस कडेने वाऱ्यासारखा पळे. तो ‘मिस्टर आउटसाइड’. डेव्हिसने त्या हंगामात २० वेळा चेंडू रेषेपार नेला. आपल्या कॅडेटांना त्याची दुसरी गोष्ट अधिक जवळची वाटेल. पहिल्या वर्षी तो गणितात मागे पडला आणि त्याला अकादमी सोडावी लागली. घरी जाऊन त्याने गणिताची तयारी केली, परत प्रवेश मिळवला आणि मगच १९४४ चा हंगाम खेळला. संघातला सर्वांत वेगवान धावपटू असूनही गणितात त्याला सूट नव्हती.

हे यश मोजताना एक गोष्ट विसरू नये. युद्धामुळे इतर महाविद्यालयांचे कितीतरी चांगले खेळाडू सैन्यात गेले होते. अकादमीतले कॅडेट मात्र शिक्षण पुरे होईपर्यंत तिथेच असत. नोत्र दामला ५९-० असे हरवले तेव्हा समोरचा संघ बराच कोवळा होता. म्हणून माझ्या मते या हंगामाची खरी परीक्षा एकच : नेव्ही. त्यांच्याकडेही निवडक खेळाडू होते, आणि सामन्याच्या वेळी क्रमवारीत वेस्ट पॉइंट पहिले, तर नेव्ही दुसरे होते.

युद्धाने या सामन्याचे रूपही बदलले होते. १९४२ मध्ये प्रवासावरील निर्बंधांमुळे वेस्ट पॉइंटचे कॅडेट अनॅपोलिसला जाऊ शकले नाहीत, तेव्हा नेव्हीच्याच काही छात्रांना वेस्ट पॉइंटच्या नावाने घोषणा देण्याचा हुकूम झाला. पुढच्या वर्षी सामना वेस्ट पॉइंटला झाला आणि तीच पाळी तिथल्या कॅडेटांवर आली. प्रतिस्पर्ध्याचा जयजयकार, तोही हुकमावरून! १९४४ चा सामना २ डिसेंबरला बाल्टिमोरच्या मोठ्या मैदानावर ठेवला आणि तिकिटासोबत युद्धरोखे घेण्याची अट घातली. त्यातून सुमारे ५ कोटी ८० लाख डॉलरचे रोखे विकले गेले. वेस्ट पॉइंटचे कॅडेट विनाशिकांच्या संरक्षणात सैन्यवाहू जहाजाने तिथे पोहोचले.

मध्यंतराला वेस्ट पॉइंट फक्त ७-० ने पुढे होते. तिसऱ्या डावात नेव्हीने गुणफलक ९-७ वर आणला. आता एकच चूक आणि सगळा हंगाम हातचा जाणार, अशी वेळ होती. मग चेंडू पुन्हा पुन्हा ब्लँचर्डकडे गेला. मधल्या फळीतून रेटत रेटत त्याने तो रेषेपार नेला. पाठोपाठ डेव्हिस कडेने सुटला आणि सुमारे ५० यार्ड धावून गेला. सामना २३-७. त्या वेळी पॅसिफिकमध्ये लढत असलेल्या जनरल मॅकआर्थर यांनी, तुमचे यश साजरे करायला आम्ही युद्ध थांबवले आहे, अशा आशयाची तार पाठवली.

पुढची दोन वर्षेही हा संघ हरला नाही. तीन हंगामांत २७ विजय आणि एक बरोबरी, तीही १९४६ मध्ये नोत्र दामशी, ०-० अशी. सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइजमन चषक १९४५ मध्ये ब्लँचर्डला आणि १९४६ मध्ये डेव्हिसला मिळाला. पुढे ब्लँचर्ड हवाई दलात लढाऊ वैमानिक झाला. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये उडत असताना त्याच्या विमानाला आग लागली. खाली गाव होते, म्हणून त्याने छत्रीने उडी घेतली नाही. पेटते विमान त्याने तळावर आणून उतरवले.

१९४४ च्या संघाचा कर्णधार होता टॉम लोम्बार्डो. तो सप्टेंबर १९५० मध्ये कोरियाच्या युद्धात लढताना मारला गेला. बाल्टिमोरच्या सामन्याला तेव्हा सहा वर्षेही झाली नव्हती.