नांदेडला राहिलेला पंजाब

लातूरहून अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली की माझे पाय आधी गुरुद्वाऱ्याकडं वळतात, कामं नंतर. ओढ दर्शनाची असतेच, पण त्याहून जास्त तिथल्या दख्खनी शिखांची. पगडी, दाढी, कृपाण सगळं पंजाबचं आणि बोलणं? “कवा आलाव? जेवलाव का?” थेट आपलं! परमुलखात रुळावं कसं, हे यांच्याकडून शिकावं.

इतिहास घाईनंच सांगतो. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये बादशहा बहादूरशहाच्या छावणीबरोबर इथं आले. ग्रंथसाहिबाला गुरुपद देऊन त्यांनी इथंच, ७ ऑक्टोबरला, देह ठेवला. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंहांनी सध्याची वास्तू बांधवली. निजामाचे दिवाण चंदुलाल यांच्या विनंतीवरून महाराजांची लाहोरी फौजही दख्खनेत आली. त्यातले अनेक जण परत गेलेच नाहीत.

माझा खरा जीव अडकलाय तो इथल्या रिवाजांत. रोज पहाटे, गाव झोपेत असताना, गोदावरीचं पाणी गागरीतून आणून गाभारा धुतला जातो. आत जाणारे मुख्य जथेदार आजन्म ब्रह्मचारी. शस्त्रांना चंदनाचा टिळा, दिव्यांची आरती, ग्रंथसाहिबाच्या जोडीला दशम ग्रंथ, सणाला बोकडाचा झटका, म्हणजे एका घावात बळी. पंजाबातून पहिल्यांदा आलेला माणूस चक्रावतो. “हे तुम्ही इथल्यांकडून उचललं,” असं एकानं माझ्यादेखत एका दख्खनी सरदारजींना सुनावलं. ते नुसते हसले. मला मात्र राहवलं नाही. पंजाबात १८७३ पासून सिंग सभेची सुधारणा सुरू झाली, १९२० मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटी आली आणि यातलं बरंच मागं पडलं. नांदेड पडलं निजामाच्या राज्यात. ती लाट इथवर पोचली नाही. आजही इथला कारभार १९५६ च्या वेगळ्या कायद्यानं चालतो. शिवाय झटका आणि दशम ग्रंथ पंजाबातल्या निहंगांनीही, म्हणजे शस्त्रधारी शीख पंथीयांनीही, सोडलेले नाहीत. तेव्हा इथल्या रिवाजांवर मराठवाड्याची छाप असेलही, पण सगळं उसनं म्हणणं अन्यायाचं आहे.

थोडं आडवाटेला जातो. हा मुक्काम एकतर्फी नाही. आमच्या शेजारच्या नर्सीचे नामदेव कितीतरी आधी पंजाबात जाऊन राहिले. घुमानला आजही त्यांचं स्थान आहे. २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. म्हणजे गुरुपद मिळालेल्या त्या ग्रंथात मराठवाड्याचा एक माणूस आधीच होता!

पंजाबचा इथला असाच एक मुक्काम २०२० चा. कोरोनाच्या टाळेबंदीत पंजाबचे चारेक हजार यात्रेकरू महिनाभर नांदेडात अडकले. घराची ओढ, आजाराची भीती आणि वर आपल्याकडचा एप्रिल! यात्री निवासाचं छप्पर आणि लंगरचं जेवण, यावर त्यांचे दिवस निघाले. शेवटी बसगाड्यांनी ते घरी गेले.

दिवाळीच्या तोंडावर इथं तख्ताचं, म्हणजे गुरूच्या आसनाचं, स्नान असतं; त्याला तख्तस्नान म्हणतात. बाया-बापे, पोरं रांगेनं गोदावरीचं पाणी भरून आणतात, तख्त धुतात, जुनी शस्त्रं उजळतात. यंदा हुकलं तर होळीचा हल्लाबोल, म्हणजे शस्त्रांसह निघणारी मिरवणूक, गाठा. पुढच्या वर्षी मात्र तख्तस्नानाचा दिवस आधी विचारून ठेवा. डोक्याला रुमाल बांधा आणि लंगरमध्ये जेवल्याशिवाय परतू नका.